ब्लॉक-पिस्टन नंतर टाका, आधी मशीन कशाने गेलं ते शोधा

प्रश्न थोडक्यात असा: दापोलीकडच्या एका बागायतदारांनी लाकूड ठेकेदाराकडून ७२ सीसीचं जुनं चेनसॉ मशीन घेतलं. पावसाळाभर ते टाकीत पेट्रोल तसंच ठेवून मांगरात पडून राहिलं. दिवाळीनंतर कलमांच्या सुक्या फांद्या काढायला बाहेर काढलं, वीस-पंचवीस मिनिटं चाललं आणि जॅम झालं. दुकानदार म्हणतो नवा ब्लॉक-पिस्टन टाका. यांना ते स्वतःच्या हाताने बांधायचंय. आणि उघडतोच आहे तर पोर्टिंग (ब्लॉकमधली मिश्रण-धुराची भोकं घासून मोठी करणं), सायलेन्सर करून ताकदही वाढवायची आहे. सुरुवात कुठून करू, असं विचारलंय.

सुरुवात हातातली कानस खाली ठेवण्यापासून करा.

माझं पोट होड्यांच्या इंजिनांवर चालतं, चेनसॉ हा दिवेलागणीनंतरचा छंद. हा छंद खरा वाढला तो वादळांमुळे. २०२० च्या ३ जूनला निसर्ग आलं आणि श्रीवर्धनपासून दापोली-मंडणगडपर्यंत माड-पोफळी आडव्या झाल्या. पुढच्याच मे महिन्यात तौक्ते. रस्ता मोकळा करायचा, घरावरचा माड काढायचा, म्हणून लोकांनी मिळेल ते मशीन मिळेल त्या भावात घेतलं, हाताशी असेल ते ऑइल पेट्रोलमध्ये ओतलं आणि चालवलं. मग ती सगळी मशीनं एकामागून एक जॅम होऊन माझ्या पडवीत आली. त्यांतली बरीचशी दुसऱ्यांदा जॅम झालेली होती. पहिल्यांदा कुणीतरी नवा ब्लॉक-पिस्टन टाकून दिलेला, तो आठवडाभर चाललेला आणि पुन्हा त्याच जागी घासलेला. पिस्टन मेला होता हे सगळ्यांना दिसलं. तो कशाने मेला हे कुणी पाहिलंच नव्हतं.

तुमच्या मशीनचा सिलिंडर, म्हणजेच ब्लॉक, सोडवू नका. आधी फक्त सायलेन्सर काढा, एक्झॉस्टच्या भोकातून बॅटरी मारा आणि दोरी हळूहळू ओढून (अडकलं असेल तर क्लच हाताने फिरवून) पिस्टनची एक बाजू नीट बघा. नंतर कार्बोरेटर (हवा-पेट्रोल मिसळणारा भाग) काढून इनटेकच्या, म्हणजे मिश्रण आत येण्याच्या, बाजूने बघा. पिस्टनवरचे चरे वाचता आले की निम्मं काम झालं.

फक्त एक्झॉस्टच्या बाजूला चरे, अ‍ॅल्युमिनियम फासल्यासारखं, आणि इनटेकची बाजू स्वच्छ: मशीन कोरडं चाललं. म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडलं. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोलच ऑइल घेऊन येतं आणि जाताना थंडावाही देतं. ते कमी झालं की उष्णता वाढते आणि वंगण घटतं, दोन्ही एकदम. चारी बाजूंनी सारखे चरे: बिनऑइलचं पेट्रोल गेलं. इनटेकच्या बाजूला मंद, राखाडी, बारीक उभ्या रेघा: धूळ. आपल्याकडे जांभ्याची लाल धूळ फिल्टरच्या कडेने आत शिरते, आणि ती पॉलिश पेपरसारखी घासते. पिस्टनच्या डोक्यावर टोचल्यासारखे खड्डे असतील तर वर काहीतरी सुटं फिरलंय. सर्क्लिपचा (पिस्टनची पिन जागेवर धरणाऱ्या क्लिपचा) तुकडा, नाहीतर बेअरिंगच्या पिंजऱ्याचा. मग क्रँककेस (ब्लॉकखालची, क्रँक फिरतो ती पेटी) उघडल्याशिवाय गत्यंतर नाही.

तुमच्या वर्णनावरून माझा अंदाज पहिल्या प्रकाराचा आहे. पावसाळाभर पडून, मग वीस मिनिटांत जॅम, ही गोष्ट मी पुष्कळदा पाहिली आहे. यात तीन संशयित असतात.

पहिला संशयित टाकीत आहे. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असतं. शुद्ध पेट्रोल एक किलो जाळायला साधारण १४.७ किलो हवा लागते, २० टक्के इथेनॉलवाल्याला सुमारे १३.५. म्हणजे तुमच्या ठेकेदाराने काही वर्षांपूर्वी कार्बोरेटरचे स्क्रू लावून ठेवले असतील, तर हात न लावताच मशीन सात-आठ टक्क्यांनी कोरडं झालं. शिवाय इथेनॉल पाणी ओढतं. पाणी प्रमाणाबाहेर गेलं की टाकीत दोन थर होतात: वर पेट्रोल, खाली पाणी आणि अल्कोहोल. ऑइल राहतं वरच्या पेट्रोलमध्ये, आणि टाकीतला फिल्टर पडलेला असतो तळाशी. समजलं ना? मशीन नेमकं बिनऑइलचं पाणी पिऊ लागतं. टाकीत उरलंय ते काचेच्या बाटलीत ओता, तासभर टेबलावर ठेवा आणि उजेडासमोर धरा. थर दिसले तर आरोपी तिथेच सापडला. (पाणी घालून इथेनॉल काढून टाकायची युक्ती कुणीतरी सांगेलच. करू नका. इथेनॉलबरोबर ऑक्टेनही जातं आणि जे उरतं ते ठोके देतं.)

दुसरा संशयित कार्बोरेटरच्या आतला पडदा. चेनसॉला स्कूटरसारखा फ्लोट नसतो, कारण मशीन आडवं-उलटं कसंही चालावं लागतं. तिथे रबरी पडदा क्रँककेसच्या दाबावर पेट्रोल खेचतो आणि दुसरा पडदा सुई उघडतो. हे पडदे इथेनॉलमध्ये राहून, नंतर सुकून, पापडासारखे कडक होतात. बोटाने दाबल्यावर कडकड वाजला तर बदला. किट मोठं महाग नसतं. कार्बोरेटरवर कोरलेला नंबर पाहूनच मागवा, ‘सगळ्यांना बसतं’ या आश्वासनावर जाऊ नका.

तिसरा संशयित सगळ्यात लबाड: हवेची गळती. क्रँकच्या दोन्ही बाजूंची ऑइल सील, कार्बोरेटर आणि ब्लॉक यांच्यामधली रबरी नळी, क्रँककेसचा दाब कार्बोरेटरकडे नेणारी बारीक पाइप, ब्लॉकखालचं पॅकिंग. यांतल्या कुठूनही थोडीशी जास्तीची हवा आत शिरली की मिश्रण कोरडं. बाहेरून काही दिसत नाही. थंड असताना मशीन छान चालतं, तापल्यावर सील सैल पडतं, रेस सोडली तरी आवाज वरच राहतो, आणि मग एकदम थांबतं. जॅम होण्याआधी तुमचं मशीन रेस सोडल्यावर उशिरा खाली येत होतं का, आठवून पाहा.

गळती शोधायला कंपनीचं उपकरण लागतं असं सांगतात. मी वीस वर्षं डॉक्टरांच्या जुन्या बीपी यंत्रावर भागवतोय. फुगा आणि घड्याळ्याचं मीटर, पाऱ्याचं नको. पद्धत अशी. सायलेन्सरच्या जागी टायरच्या ट्यूबचा तुकडा ठेवून सायलेन्सर पुन्हा आवळा, म्हणजे एक्झॉस्ट बंद. इनटेकच्या नळीत रबरी बूच, त्यातून बीपीची नळी. प्लग जागेवर. दाबाची पाइप वेगळी असेल तर तीही बंद. पिस्टन पूर्ण वर आणा, म्हणजे इनटेकचं भोक उघडं राहतं आणि दाब थेट क्रँककेसमध्ये पोचतो. आता फुगा दाबून मीटर ३०० पर्यंत न्या. हे साधारण ०.४ बार झालं. कंपन्यांची पुस्तकं ०.५ सांगतात, पण घरच्या कामाला एवढं पुरतं. अर्धा मिनिट काटा हलता कामा नये. हलला तर साबणाचं पाणी घेऊन एकेक सांधा ओला करत जा, बुडबुडे स्वतःच पत्ता सांगतील. मॅग्नेटमागचं (दोरीच्या बाजूला ठिणगी बनवणारं चाक असतं, त्याच्या मागचं) सील दिसत नाही म्हणून ते सोडून द्यायचा मोह होतो. मॅग्नेट काढा आणि तिथेही लावा.

एवढ्यावर थांबू नका. उलटी तपासणीही करा, म्हणजे हवा ओढून. सीलचं ओठ आतून दाब आला की शाफ्टवर आवळून बसतं, त्यामुळे दाबाला पास झालेलं सील ओढीला नापास होऊ शकतं. चालत्या इंजिनात दोन्ही गोष्टी आलटून-पालटून होतात. ओढायला मोटरसायकलच्या ब्रेकचं ऑइल काढायचा हातपंप मिळतो, तो घ्या. मी सुरुवातीला गुरांच्या डॉक्टरांकडची मोठी सिरिंज वापरायचो, तीही चालते, फक्त मध्ये वॉल्व्ह हवा. ओढ धरून ठेवत क्रँक हळूहळू पूर्ण फिरवा. एखाद्याच जागी काटा पडत असेल तर शाफ्टवर खाच आहे.

या तपासणीला तासभर जातो. ती केली नाहीत तर नवा पिस्टन किती दिवस टिकेल हे देवाला माहीत.

ऑइलबद्दल किनाऱ्यावरच्या लोकांना मुद्दाम सांगावं लागतं. आपल्याकडे आउटबोर्डचं टू-टी ऑइल घराघरात असतं, डब्यावर टीसी-डब्ल्यू-थ्री लिहिलेलं. टू-स्ट्रोक तेही, हेही, म्हणून ओततात. आउटबोर्ड समुद्राच्या पाण्याने थंड होतो, ते ऑइल त्या तापमानासाठी बनवलेलं आहे. हवेवर थंड होणाऱ्या चेनसॉच्या पिस्टनला ते पुरत नाही, रिंगा चिकटतात. डब्यावर जासो एफडी (टू-स्ट्रोक ऑइलची प्रत) लिहिलेलं बघा. प्रमाण मी लिटरला २५ मिली ठेवतो, म्हणजे ४० ला १. मॅन्युअल ५० ला १ सांगत असेल तर तेही चूक नाही, पण आपल्याकडे उकाडा, माडाचं ओलं खोड आणि चालवणारा रेस सोडत नाही. आणि एक ऐका, ‘जरा जास्त ऑइल घाला, बरं असतं’ हे अर्धसत्य आहे. ऑइलची जागा पेट्रोलच देतं, त्यामुळे खूप ऑइल घातलं की मिश्रण आणखी कोरडं होतं. मोजमापाचा कप वापरा, अंदाजपंचे नको. आणि दोन-तीन आठवड्यांत संपेल एवढंच कालवा.

आता ब्लॉक उतरवा. क्लच काढताना लक्षात ठेवा, त्याचे आटे उलटे असतात. सोडवायला घड्याळाच्या दिशेने. पिस्टन अडवायला प्लगच्या भोकातून दोरी घालतात. ती नायलॉनची घ्या. एकाने माझ्यासमोर सुंभ घातला होता, त्याचे तंतू आम्ही पुढे तासभर चिमट्याने वेचत बसलो होतो.

ब्लॉक हातात आला की लगेच भंगारात टाकू नका. चरे बहुतेक वेळा पिस्टनलाच असतात. ब्लॉकवर दिसतं ते पिस्टनचं वितळून चिकटलेलं अ‍ॅल्युमिनियम, खालचा निकेलचा थर शाबूत असतो. तो थर फार कठीण असतो. अ‍ॅल्युमिनियम काढायला फरशी धुवायचं अ‍ॅसिड चालतं. इअरबडला लावून फक्त डागावर फिरवायचं. बुडबुडे येतात, डाग काळपट होतो, पुसायचं, पाण्याने धुवायचं, पुन्हा. चार-पाच फेऱ्यांत बुडबुडे थांबले म्हणजे अ‍ॅल्युमिनियम संपलं, खाली निकेल आहे. बुडबुडे थांबतच नसतील तर हात आखडा. थर फुटलाय आणि अ‍ॅसिड ब्लॉकचं अंग खातंय. तो ब्लॉक गेला. जुन्या आणि स्वस्त नकली मशीनांत निकेलऐवजी क्रोम असतं, आरशासारखं चकचकीत. त्याला हे अ‍ॅसिड लावायचं नाही, क्रोमच विरघळतं. शेवटी भांड्यांच्या हिरव्या घासणीने तिरक्या रेघा मारा, साबण-पाण्याने धुवा, पांढऱ्या फडक्यावर काळं यायचं थांबेपर्यंत.

हे काम अंगणात करा, वाऱ्याच्या बाजूला उभं राहून, हातमोजे-चष्म्यासकट. आणि बाटली परत आत आणू नका. माझा हा धडा महागात पडलेला आहे. जुलैचे दिवस, बाहेर कोसळत होतं, म्हणून मी अ‍ॅसिडची बाटली कामाच्या खोलीतच फळीवर ठेवली. बूच नीट बसलं नव्हतं. सकाळी दार उघडलं तर कानशी, व्हर्नियर, नुकतेच आणलेले दोन बेअरिंग, सगळ्यांवर केशरी लव. रात्रभरात. आपली दमट हवा आणि ती वाफ यांनी मिळून माझा महिनाभराचा खर्च केला. व्हर्नियरवर अजून डाग आहेत.

पिस्टन उतरवलात की क्रँक हाताने फिरवा, डोळे मिटून. गुळगुळीत फिरला पाहिजे. पिठाच्या जात्यासारखी बारीक खरखर लागली तर बेअरिंगवर गंज आहे. पावसाळाभर पाणी धरलेलं पेट्रोल केसमध्ये राहिलं की हेच होतं, आणि ‘चालवून चालवून सुटेल’ म्हणणाऱ्यांकडे दुर्लक्ष करा. कनेक्टिंग रॉड वर-खाली ओढून बघा. डावी-उजवी हालचाल असते, ती चालते. वर-खाली अजिबात नको. केस उघडायची वेळ आली तर हातोड्याने नव्हे, उष्णतेने. बेअरिंग रात्रभर फ्रीझरमध्ये, केस गरम. किती गरम? पाण्याचा थेंब टाकला की चर्र करून नाचत उडाला पाहिजे. मग बेअरिंग हाताने सोडलं की टुपकन बसतं. बसलं नाही तर ठोकू नका, पुन्हा गरम करा. (बेअरिंग प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवा. माझं एक सुरमईच्या तुकड्यांबरोबर पानात जाता जाता राहिलं, तेव्हापासून फ्रीझरचा एक कोपरा मला अधिकृतपणे दिलेला आहे.) बेअरिंगच्या दुकानात नंबर सांगून भागत नाही, नंबरापुढे काय कोरलंय तेही जुळवा. सी-थ्री वगैरे अक्षरं क्लिअरन्सची असतात. साधं बेअरिंग घातलंत तर तापल्यावर आवळेल.

केसबद्दल आणखी एक. चांगल्या मशीनांची केस मॅग्नेशियमची असते. खाऱ्या वाऱ्यात रंग उडालेल्या जागी, विशेषतः लोखंडी स्क्रूभोवती, ती पांढरी भुकटी सोडते. समुद्रापासून दोन-चार किलोमीटरांच्या आत राहत असाल तर प्रत्येक स्क्रू काढून आट्यांना थोडं ग्रीस लावून बसवा. नाहीतर पुढच्या वेळी स्क्रू आट्यांसकट हातात येईल. आणि मॅग्नेशियमचा कीस ग्राइंडरखाली जमू देऊ नका, पेट घेतो. पाणी मारलं तर आणखी भडकतो.

जोडणी पटकन सांगतो, कारण ती कुठल्याही मॅन्युअलमध्ये असते. पिस्टनवरचा बाण एक्झॉस्टकडे. रिंगची टोकं खाचेतल्या पिनवर. रिंग ब्लॉकमध्ये पिस्टनने सरळ ढकलून टोकांतली फट मोजा. ५० मिमीच्या बोअरला (सिलिंडरच्या आतल्या व्यासाला) ०.२ च्या आसपास असावी, अर्धा मिमी ओलांडली तर मी रिंग वापरत नाही. सर्क्लिप नेहमी नवे, आणि त्यांची उघडी तोंडं वर किंवा खाली, बाजूला कधीच नाही. पिस्टन वर-खाली हिसके खातो तेव्हा बाजूला तोंड असलेली क्लिप मिटते आणि निसटते. क्लिप उडाली तर शोधल्याशिवाय पुढे जाऊ नका. ती नव्वद टक्के वेळा केसमध्येच पडलेली असते.

आता तुमचा आवडता विषय, ताकद.

सगळ्यात स्वस्त ताकद साखळीत आहे. हे ऐकून लोक हिरमुसतात. आजच्या साखळीचा आकडीसारखा दात जो कॉक्स या अमेरिकन लाकूडतोड्याने एका भुंग्याच्या अळीचं तोंड बघून बनवला, १९४७ मध्ये. ती अळी लाकडात डावी-उजवी करत पोखरत जात होती. आपल्या आंब्यात भिरूड लागतो ना, तोही त्याच लांब मिशांच्या भुंग्यांच्या कुळातला. बागायतदाराला हे वेगळं समजवायला नको, भिरूड किती सफाईने कापतो ते त्याने रडत रडत पाहिलेलं असतं. मुद्दा हा की दात बोथट असेल तर पोर्टिंग केलेलं इंजिन फक्त भुसा जास्त बारीक करतं. माडाचं खोड तर धार खातंच. अर्ध्या दिवसात दोनदा कानस मारावी लागते. भुशाऐवजी लांब चिपा पडताहेत का, एवढं पाहा.

दुसरी पायरी सायलेन्सर. कारखान्यातून तो आवाजाच्या आणि धुराच्या नियमांसाठी बराच गुदमरवलेला येतो. बाहेर पडायचं भोक एक्झॉस्ट पोर्टच्या क्षेत्रफळाच्या ७०-८० टक्क्यांपर्यंत मोठं करा. त्याहून मोठं केलंत तर फायदा काहीच नाही, कान मात्र जातात. मालवणातला माझा एक मित्र असल्या मशीनकडे बघून म्हणतो, “बोंबलता खरा, पण कापता काय?” ठिणग्यांची जाळी मात्र काढू नका. मार्चनंतर सड्यावरचं गवत कसं असतं ते तुम्हाला ठाऊक आहे, एका ठिणगीने वणवा लागतो आणि त्यात शेजाऱ्याची कलमं जातात. सायलेन्सर मोकळा केलात की कार्बोरेटरचा मोठा स्क्रू, पूर्ण रेसचं पेट्रोल ठरवणारा, एच अक्षराचा, थोडा उघडावाच लागतो. हवा सहज जाऊ लागली की पेट्रोलही तेवढं जास्त हवं. हे विसरणं म्हणजे मशीन पुन्हा माझ्या पडवीत.

तिसरी पायरी मला स्वतःला सगळ्यात आवडते: स्क्विश. पिस्टन पूर्ण वर आला की त्याची कड आणि ब्लॉकचं छत यांच्यात उरते ती फट. सोल्डरची दीड मिमी जाडीची तार वाकवून प्लगच्या भोकातून आत घाला, टोक गजनपिनच्या (पिस्टन रॉडला जोडणाऱ्या पिनच्या) रेषेत कडेला टेकवा (दुसऱ्या दिशेला पिस्टन डुलतो, माप खोटं येतं), क्रँक एकदा फिरवा, चेपलेली तार व्हर्नियरने मोजा. दोन्ही बाजूंनी घ्या. कारखान्याची फट एक मिमीच्या घरात निघाली तर आत जागा आहे. ब्लॉकखालचं पॅकिंग पुष्कळदा अर्धा मिमी असतं. ते काढून उष्णता सोसणारा सीलंट पातळ लावला की फट निम्मी होते, दाब वाढतो, आणि मधल्या रेसला मशीन जे ओढतं ते हाताला कळतं. अर्धा मिमीच्या खाली मी जात नाही. तापल्यावर रॉड-पिस्टन वाढतात, वरच्या रेसला ताणतात, आणि छताला टेकतात.

पण ब्लॉक अर्धा मिमी खाली आला म्हणजे सगळे पोर्टही खाली आले. ७० सीसीच्या मशीनला एक्झॉस्ट साधारण २ अंश उशिरा उघडतो, इनटेकचा वेळ मात्र वाढतो. इथे खरं पोर्टिंग सुरू होतं, आणि इथेच मी तुम्हाला थांबवणार आहे. निदान या मशीनवर. अंश मोजायचं चाक तुम्ही जुन्या सीडीवर छापील कोनमापक चिकटवून बनवू शकता, तारेचा काटा लावून. मोजायचा सराव जरूर करा. एक्झॉस्ट पिस्टन वरून निघाल्यावर १००-१०५ अंशांवर उघडताना दिसेल, ट्रान्स्फर (क्रँककेसमधून ताजं मिश्रण वर आणणारी भोकं) १२० च्या आसपास. मधल्या त्या पंधरा-वीस अंशांत जळका वायू बाहेर पडून आतला दाब उतरला पाहिजे, नाहीतर तो ट्रान्स्फरमधून उलटा खाली शिरतो. एक्झॉस्ट वर उचलला की वरची रेस मिळते, खालचा जोर जातो. रुंद केला आणि बोअरच्या दोन तृतीयांशांपलीकडे गेलात तर रिंग भोकात अडकून तुटते. आणि एकदा कोरलेला पोर्ट भरता येत नाही. हे सगळं शिकायचं असेल तर एखादं ५८ सीसीचं स्वस्त नकली मशीन घ्या आणि त्याचा बळी द्या. माझे पहिले दोन ब्लॉक खिडकीत पेपरवेट म्हणून बसलेत. एकात इनटेक इतका रुंद केला होता की रिंगचं टोकच बाहेर डोकावत होतं.

इग्निशन पुढे घ्यायला, म्हणजे ठिणगी थोडी आधी पाडायला, मॅग्नेट शाफ्टवर जागच्या जागी धरणारी चावी घासतात. १० मिमीच्या शाफ्टला अर्धा मिमी म्हणजे जवळजवळ ६ अंश होतात, आणि लोक डोळ्याच्या अंदाजाने घासतात. दाब वाढवलेल्या इंजिनात मी याला हात लावत नाही. कॉइल आणि मॅग्नेट यांच्यातली फट मात्र व्हिजिटिंग कार्ड ठेवून लावा, ०.३ मिमी.

शेवटचं काम कानाचं. मशीन पाच मिनिटं तापवा, फिल्टर स्वच्छ. पूर्ण रेसला हवेत धरलं की आवाज सरळ चिरका येता कामा नये. मध्ये मध्ये अडखळल्यासारखा, घोगरा, गुळण्या केल्यासारखा यायला हवा. म्हणजे पेट्रोल थोडं जास्त आहे. तसंच लाकडात घाला. भार पडताच घोगरेपणा जाऊन आवाज स्वच्छ झाला, आणि लाकडातून उचलताच परत घोगरा झाला, की स्क्रू तिथेच सोडा. हवेतही स्वच्छ वाजत असेल तर ते मरणाच्या वाटेवर आहे, लगेच एच उघडा. यात एक फसगत आहे. काही मशीनांच्या कॉइलमध्येच रेस रोखणारा लिमिटर असतो, आणि तो ठिणगी तोडतो तेव्हा आवाज हुबेहूब तसाच घोगरा येतो. माणूस समजतो पेट्रोल जास्त आहे, स्क्रू आवळत जातो, घोगरेपणा काही जात नाही. शेवटी पिस्टन जातो. म्हणून हवेतल्या आवाजावर कधीच निकाल देऊ नका. लाकडात शिरताना आणि लाकडातून निघताना तो बदलतो का, तेवढंच ऐका.

पहिल्या दोन-तीन टाक्या एच थोडा जास्तच उघडा ठेवून चालवा, पडलेल्या सुक्या ऐनासारख्या एकसारख्या ओंडक्यावर. माडावर नको, त्याच्या काथ्याने क्लचच्या झाकणात गच्च होतं आणि उष्णता कोंडते. उभं झाड तर मुळीच नको. आंबा-फणस-ऐनासारख्या झाडांना १९६४ च्या वृक्षतोड कायद्याखाली परवानगी लागते, आणि नव्या जोराचं मशीन कसं उसळी मारतं ते आधी जमिनीवर समजून घ्या. चेन ब्रेक चालत नसेल तर ताकद वाढवायचा विषयच काढू नका.

तर आज संध्याकाळी एवढंच करा: सायलेन्सरचे स्क्रू सोडवा, पिस्टनचा एक्झॉस्टकडचा आणि इनटेककडचा असे दोन फोटो काढा, आणि टाकीतलं पेट्रोल बाटलीत ओतून ठेवा. थर पडले की एकसारखं राहिलं ते सकाळी कळवा, मग किट मागवायचं की सील, ते ठरवू.